हात मागे

बायको गेल्याची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात काचेला होते. एका वकिलाच्या ऑफिसात मधली भिंत काढून तिथे काच बसवायची होती. ती लिफ्टमध्ये मावेना म्हणून मी आणि लांब्या ती जिन्यानं वर नेत होतो. लांब्या म्हणजे माझा कामातला जोडीदार. तो वरच्या बाजूला पाठमोरा चढत होता, मी खालच्या बाजूला. खिशातला फोन वाजायला लागला. काच हातात असताना आमच्यात कुणी फोन घेत नाही, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. तो थांबला आणि पुन्हा वाजला. लांब्या वरून म्हणाला, "वहिनी असतील. येताना दूध आणा म्हणत असतील." मी म्हटलं, "ती एकदाच वाजवते. नाही घेतला तर मग संध्याकाळपर्यंत बोलत नाही." आम्ही दोघं हसलो. वळणावर काच उभी करून फिरवली, चौकटीत बसवली, रबराची पट्टी दाबली, कड चाचपून पाहिली, आणि मग मी हात पुसून फोन काढला. बायको कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात काउंटरवर बसायची. फोन तिथल्या मालकीणबाईंचे होते. त्या रडत नव्हत्या, फार भरभर बोलत होत्या. एका गिऱ्हाइकाचा कोट काढून द्यायला ती उठली, आकड्यावरून कोट काढला, आणि जागच्या जागी खाली गेली. "पण डोकं नाही हो आपटलं," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं काउंटरवरून वाकून वरच्या वर झेललं तिला. हळूच खाली ठेवलं. डोकं अजिबात आपटलं नाही." हे त्यांनी मला कितीदा सांगितलं कोण जाणे. फोनवर सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं, नंतर घरी भेटायला आल्या तेव्हा पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा सांगितलं. मला द्यायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंदच पडलं होतं. कुणी झेललं काय, न झेललं काय, काही फरक पडला नसता. मला ते पटलं. अजूनही पटतं. पण लोक येऊन गेले, खुर्च्या परत जागेवर गेल्या, आणि मला त्या माणसाचे हात दिसायला लागले. चेहरा नाही. माणूस कोण, काय करतो, कोट परत न्यायला आला की नाही, यातलं काही मला विचारावंसं वाटलं नाही. फक्त हात. तो बेसावध उभा होता, समोर ओळख नसलेली बाई कोसळली, आणि त्याचे हात पुढे गेले. कुणी सांगावं लागलं नाही. मी तिथे असतो तर काय झालं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. माझे हात मागे गेले असते.

हे कामाचं आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा आमचे वस्ताद होते. ते नव्या पोराला पहिले काही महिने काच कापायला देतच नसत. फुटकी, टाकाऊ तावदानं घेऊन ते समोर उभे राहायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि बोलता बोलता हातातलं तावदान सोडून द्यायचे. ते धरायला हात पुढे आला की मनगटावर लाकडी पट्टी बसायची. पडणाऱ्या काचेला धरायचं नाही. हात मागे, पाय मागे, काच जाऊ दे. काच पुन्हा मिळते, बोटं मिळत नाहीत. सुटलेली काच धरली तर ती मोडते आणि मोडलेली धार तळव्यातून आरपार जाते. पट्टीचे वळ गेले तोवर हात शिकले होते. मग ते एवढे शिकले की घरीदारी सगळीकडे तेच. ओट्यावरून कप घरंगळला की मी दोन्ही हात वर करून मागे उडी मारायचो. ती कप झेलायची, निदान तसा प्रयत्न तरी करायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "अहो, कुणी पिस्तूल रोखलंय का तुमच्यावर?" मुलगी खुदुखुदु हसायची. मीही हसायचो. त्या घरात पडणाऱ्या वस्तू झेलायचं काम तिचं होतं. असं कुणी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं.

मला घरात बसवेना. कामावरून आलो की मी पुन्हा बाहेर पडायचो आणि चालत राहायचो. कुठे जायचं नसायचं. सिग्नलला थांबलो की पाय तिथल्या तिथे हलायचे. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, कशात तरी मन गुंतवा. पोहायला जा, चित्रं काढा." मी हो म्हणायचो. अशाच एका फिरण्यात चपलांच्या दुकानाखालच्या तळघरातून धपधप असा आवाज आला आणि मी पायऱ्या उतरून खाली गेलो. बॉक्सिंग चालू होतं. दारातल्या माणसानं विचारलं, "कशासाठी शिकायचंय?" मी म्हटलं, "तब्येतीसाठी." खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. समोरचा माणूस पडला तर पुढे जाणारे हात मला हवे होते. ते पैशानं मिळत नाहीत, दवाखान्यात मिळत नाहीत. जिथे अंगाला नवं वळण लावतात तिथेच मिळाले तर मिळतील, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. डोकं त्या वेळी ठिकाणावर होतं असा माझा दावा नाही.

बॉक्सिंगचा मास्तर माझ्यावर खूश झाला. त्यानं माझ्या तोंडासमोर हातमोजा आणला की मी लगेच मागे. "अरे वा, काका! लोकांना हे शिकवायला वर्ष जातं. तुम्ही आधी कुठे खेळलात?" मी म्हटलं, "जिन्यात." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी तिथे पुन्हा गेलो नाही. मग एका शाळेच्या हॉलमध्ये कराटे पाहिलं. ओळीनं उभे राहून सगळे हवेत ठोसे मारत होते. फार शिस्तीचं आणि स्वच्छ वाटलं मला ते, आणि मास्तरही भला माणूस होता. पण तो सांगत होता की एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तितक्याच जोरानं मागे आला पाहिजे, खरी ताकद मागे येणाऱ्या हातात असते. आणि तासभरात कुणी कुणाला शिवलं नाही. तिथून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की मलाही कितीतरी दिवसांत कुणी शिवलं नव्हतं. भेटायला आलेल्यांनी पाठीवर हात ठेवले होते, तेच शेवटचे. त्यानंतर स्वसंरक्षणाचा एक वर्ग झाला. तिथे मनगट धरलं तर कसं सोडवायचं, मागून मिठी मारली तर कसं निसटायचं, केस धरले तर काय करायचं, सगळं निसटण्याचंच. शिकवणारी मुलगी हुशार होती. माझं मनगट धरून ती म्हणाली, "सुटा आता." मी सुटलोच नाही. ती म्हणाली, "काका, अंगठ्याकडून ओढा ना." मी तसाच उभा राहिलो. तिचा हात ऊबदार होता. मग मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी सॉरी म्हणून घरी आलो.

मुलीला वाटलं मी चैन म्हणून एकेक करून बघतोय. "बाबा, बूट घेताना तुम्ही एवढी दुकानं फिरत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "बूट पायाला लागतो का ते कळतं. हे कळत नाही." पण ते कळलं, आणि एका झटक्यात कळलं. एका जुन्या व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत ज्यूडो चालायचा. खोलीभर गाद्या, एका भिंतीला ओल, खिडकी वरती. तिचं एक तावदान तडकलेलं, ते मी आधी पाहिलं, सवयच ती. शिकवायला एक बाई होत्या, बुटक्या, रुंद, केस पिकलेले, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे जावा. मी दारात उभा होतो. जाड सुती जाकिटं घातलेले दोघं एकमेकांना धरून झटत होते. एकानं दुसऱ्याला कमरेवरून उचलून टाकलं आणि बाई ओरडल्या, "बाही! बाही सोडलीस का? तुझा माणूस आहे तो! पाडलास ना? मग त्याचं डोकं कोण सांभाळणार, मी?" मग माझ्याकडे वळून, जणू मीच चुकलो होतो, त्या म्हणाल्या, "पाडणाऱ्यानं बाही धरून ठेवायची. शेवटपर्यंत. पडणारा निम्मा स्वतः पडतो, निम्मा आपण त्याला ठेवतो." त्या रात्री मला झोप आली नाही. उजाडताच मी जाकीट कुठे मिळतं ते विचारत फिरलो.

आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हातानं गादीवर फटका. मला पडायची भीती वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मला ती वाटली नाही. मी वाट बघत होतो ती पाडायची. ज्या दिवशी बाईंनी जोडीला लावलं त्या दिवशी माझ्यासमोर बेकरीवाली होती. ती पहाटे पाव भाजते आणि संध्याकाळी ज्यूडोला येते. दंड माझ्या मांडीएवढे, त्यांवर भट्टीचे जुने चटके. "घाबरू नका काका, मी काही काचेची नाही," ती म्हणाली. माझा धंदा तिला माहीत नव्हता, सहज म्हणाली. मी तिची बाही धरली, कॉलर धरली, वळलो, ती माझ्या कमरेवरून गेली, इतकं सोपं गेलं की मला आश्चर्य वाटलं. तिचं वजन माझ्या हातातून खाली जायला लागलं आणि माझे हात उघडले. मी उघडले नाहीत. ते उघडले, दोन्ही वर गेले, आणि मी उडी मारून मागे उभा राहिलो. बेकरीवाली खांद्यावर आपटली. "अगं आई गं!" ती म्हणाली आणि तशीच पडून हसायला लागली, कारण मी पकडलेल्या चोरासारखा उभा होतो. बाई आल्या. "हे काय? शॉक बसला का?" पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी आधीच स्वतःला बजावलं, बाही, बाही, बाही, आणि तरीही तेच. वर्गानं माझं नाव करंट ठेवलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून बघितले. "काय काम करता?" मी सांगितलं. त्यांनी तळवे सोडले. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तोवर तुम्ही फक्त पडा. लोकांना तुमच्यावर शिकू दे."

म्हणून मी पडत राहिलो. सगळ्यांना मी हवासा झालो, कारण मी चांगला पडतो आणि कुरकुर करत नाही. पाय सुटतात, छत फिरतं, ओल आलेली भिंत वर येते, आणि खाली पोचण्याच्या अगदी आधी कोपरापाशी एक ओढ लागते. कुणीतरी बाही धरलेली असते. त्या ओढीनं अंग किंचित वर राहतं आणि गादी हलकी लागते. ती ओढ प्रत्येकाची वेगळी असते. बेकरीवाली पीठ मळल्यासारखी घट्ट धरते, एक लाजाळू कारकून आहे तो शेवटी दोनदा ओढतो, चुकलं तर नाही ना म्हणून. मला रस्ता ओलांडताना बायको धरायची ते आठवायचं. ती हात धरायची नाही, बाही धरायची, शर्टाची. मी कुठे जास्त बोलायला लागलो की मागून बाही ओढायची, समोरच्याला कळू न देता. माझ्या सगळ्या शर्टांची डावी बाही जरा ताणलेली आहे. पडून राहिलो की मी गादीवर एक क्षण तसाच थांबायचो. बाई ओरडायच्या, "करंट, उठा! घर नाही ते." घरी आल्यावर मात्र पुन्हा तेच. पाय हलायचे. मला धरतात ते ठीक आहे, पण मला धरता कुठे येतं?

मी घरी सराव सुरू केला. माझं कामाचं जुनं जाकीट उशांनी भरलं, गळा दोरीनं आवळला, आणि बाही धरून ते कमरेवरून टाकायचं. उशीचं जाकीट मला धरता यायचं. त्याचं वजन नाही, ते पडत नाही, फक्त खाली जातं. एका रविवारी मुलगी न सांगता आली, तिच्याकडे किल्ली आहे. मी घामाघूम आणि जमिनीवर ते जाकीट, त्याची बाही माझ्या मुठीत. ती दारातच थांबली. "हे कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही. सराव." तिनं चप्पल काढली, आत येऊन खुर्चीवर बसली, आणि मग अगदी तिच्या आईसारखी मान वाकडी करून म्हणाली, "बाबा, काय चाललंय ते खरं सांगा." मी सांगितलं. कोटवाला माणूस, त्याचे हात, माझे हात. ती बराच वेळ ऐकत राहिली. "आई आधीच गेली होती," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले ना."

"बोलले."

"मग?"

"मग काय. मला झेलता येत नाही."

ती जाकिटाची दोरी उगाच सोडत बसली. "सायकल मला आईनं शिकवली, आठवतं? तुम्ही कोपऱ्यावर उभं राहून ओरडत होतात, डावीकडे, डावीकडे."

"डावीकडे खड्डा होता."

"मग उजवीकडे म्हणायचं ना!" ती हसली, हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही ओरडत होतात म्हणून मला भीती वाटत नव्हती. खरंच सांगते." चहा करून दिला, कप माझ्या हातात न देता समोर ठेवला. ते तिच्या आईचंच. तिनं माझ्या बाजूनं बोलायचा प्रयत्न केला हे मला कळलं. तरी पाय काही थांबले नाहीत.

नंतर एकदा गादीवर काहीतरी झालं. बाईंनी मला बेकरीवालीला टाकायला सांगितलं, हळू, अर्धंच. ती गेली, माझे हात उघडले, पण उजव्या हाताची दोन बोटं बाहीत अडकून राहिली, का ते माहीत नाही. नख दुमडलं. एवढंच. बेकरीवाली आपटलीच. पण उठताना म्हणाली, "काका, काहीतरी लागलं बरं का मध्ये." मी घरी जाताना ती बोटं खिशात घालून गेलो.

आणि मग एका दुकानात आरसा लावायचा होता, भिंतभर. लांब्या एका टोकाला, मी एका. त्याच्या बाजूचा, काचेला चिकटवून धरायचा रबराचा कप सुटला. आरसा कलला, माझ्या बाजूनंही निसटला. लांब्या मागे झाला. माझा उजवा हात पुढे गेला. मी तो जाताना पाहिला. आरशात पाहिला, समोरून, एक हात माझ्याकडे येतोय असा. मी कड धरली. आरसा मधून मोडला, एक तुकडा लांब्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर फुटला, आणि दुसरा हातमोज्यातून माझ्या अंगठ्याच्या मुळात शिरला. दुकानदार किंचाळला. लांब्या पांढराफटक पडला होता. मी रक्त बघत उभा होतो, आणि लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. छातीत मावेना असा. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच माझे पाय स्थिर होते.

दवाखान्यातून परत येताना लांब्या गाडी चालवत होता. सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "तो तुझा कुस्तीचा क्लास."

"ज्यूडो."

"तेच ते. मला तुझं दुःख कळत नाही असं नाही. पण तू धरलंस म्हणून काच मोडली. सुटली असती तर सरळ खाली गेली असती. दुकानदाराला आरसा भरून दिला असता, विषय संपला. तू धरलंस म्हणून ती माझ्याकडे आली." त्यानं कानाला हात लावला. "इतकी वर्षं मी तुझ्यासमोर काच धरतो ती कशाच्या भरवशावर? तू सोडणार, या भरवशावर."

सिग्नल सुटला, त्यानं गाडी पुढे काढली. तो म्हणाला, "हाताला दोन्ही शिकवता येत नाही, दोस्ता. ज्या वेळी वेळ येते त्या वेळी हात विचारत नाही, हे माणूस आहे की काच. तू ठरव. टाके निघाले की फर्निचरच्या दुकानाची दर्शनी काच आहे. मोठी आहे. तुझ्यासमोर उभं राहायचं की नाही ते मला आधी कळलं पाहिजे. माझीही बायको आहे घरी."

त्याचं बरोबर होतं. त्या कोटवाल्याचे हात मला हवे होते. ते येत होते, आणि आले तर पहिला घाव लांब्याला बसणार होता. दुसरा धंदा मला येत नाही. काचेशिवाय सकाळी उठून मी कुठे जाणार, हेही मला माहीत नाही. आणि ज्यूडो सोडला तर मी पुन्हा तोच माणूस, हात वर करून मागे उभा राहणारा. रस्त्यात कुणी अडखळलं की मी आधी स्वतःचे हात बघतो, अजूनही.

संध्याकाळी मी व्यायामशाळेत गेलो. बाईंनी बँडेज पाहिलं. "काय केलंत?" मी म्हटलं, "सुटलेली काच धरली." मला वाटलं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "मूर्ख आहात. इथे माणसाला धरायचं शिकवते मी. काचेला नाही." मी म्हटलं, "हाताला फरक कसा कळायचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उत्तर देणार असं वाटलं, मग तिकडे कुणाचा तरी पाय चुकला आणि त्या ओरडत गेल्या. मी बाकावर बसून राहिलो. लोक पडत होते, फटके वाजत होते, प्रत्येकाची बाही कुणाच्या तरी मुठीत होती. बेकरीवाली घाम पुसत आली आणि बाजूला बसली. तिच्या अंगाला पावाचा वास असतो, तो व्यायामानंही जात नाही. "टाके निघाले की आधी मला पाडा काका," ती म्हणाली. "माझा खांदा आता तुमचा झालाय. पण या खेपेला धरा."

मी म्हटलं, "बघतो."

लांब्या रोज कामाचे निरोप पाठवतो, त्या प्रश्नाबद्दल एक शब्द काढत नाही, आणि मीही त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्या हातून आजवर एकही माणूस नीट पडलेला नाही.